रामशास्त्री प्रभुणे

साताऱ्याजवळील माहुलीचे रामशास्त्री तरुणपणापर्यंत निरक्षरच होते, असें सांगतात. पुढें काशीस जाऊन ते विद्वान् झाले व १७५९ सालीं पेशव्यांचे मुख्य न्यायाधीश झाले. जपजाप्यांत रमणाऱ्या थोरल्या माधवरावांची त्यांनीं केलेली कानउघाडणी आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असेलच.

परंतु खरी कसोटी पुढेंच होती. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत गारद्यांनीं नारायणराव पेशव्यांचा वध केला, आणि चुलते रघुनाथराव गादीवर बसले. इंग्लंडांत वॉरन हेस्टिंग्जवर पार्लमेंटानें १७८८ पासून सात वर्षें खटला चालविला, त्यांत पक्षद्वेषही पुष्कळ होता. आपल्याकडे तर राज्याच्या धन्यास जाब विचारणारी सभाच नव्हती. शास्त्र्यांनीं तो अधिकार आपल्या पदाचाच मानला.

दरबारांत रघुनाथरावांचे विरोधक थोडे नव्हते, व त्यांस असा ठपका हवाच होता. आम्हांस वाटतें, येथेंच अडचण होती. एका पक्षाच्या सोयीचें सत्य बोलणारा मनुष्य त्याच पक्षाचा समजला जातो. म्हणून शास्त्र्यांनीं आधीं कसून पुरावा गोळा केला. हुकुमांत ध चा मा झाला ही आख्यायिका प्रसिद्धच आहे. पण मूळ दोष रघुनाथरावांकडे येतो, असें ठरल्यावर देहान्तावांचून दुसरें प्रायश्चित्त नाहीं, हें त्यांनीं पेशव्यांस समक्ष सांगितलें, आणि पद सोडून ते वाईच्या बाजूस निघून गेले.

बारभाईंनीं रघुनाथरावांस दूर सारून १७७४ त तान्ह्या सवाई माधवरावांस गादीवर बसविलें. त्यानंतर शास्त्री न्यायासनावर परत आले, व १७८९ त वारले.