ना मोबाईल, ना निळा प्रकाश! तरीही न्यायमूर्ती रानड्यांना डोळ्यांनी का छळलं?

घोडेगावच्या बाजारात आज कांद्याला काय भाव निघाला, एवढंच बघायला रात्री मोबाईल हातात घेतला जातो. तो खाली ठेवेपर्यंत तास उलटलेला असतो आणि डोळे चुरचुरत असतात. दोष कुणाचा? उत्तर तयार असतं: निळा प्रकाश! मग जास्तीचे पैसे मोजून ‘ब्लू कट’ काचांचा चष्मा घेतला जातो.

पण मोबाईल तर सोडाच, विजेचा दिवाही नव्हता, त्या काळात महाराष्ट्रातल्या एका मोठ्या माणसाला डोळ्यांनी आयुष्यभर छळलं. ते होते न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे.

पुस्तकात बुडालेला विद्यार्थी

रानड्यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातल्या निफाडचा. बालपण कोल्हापुरात गेलं. वयाच्या चौदाव्या वर्षी ते शिकायला मुंबईत आले. १८६२ मध्ये बी. ए. आणि १८६६ मध्ये कायद्याची पदवी त्यांनी मिळवली. मुंबई विद्यापीठाच्या अगदी पहिल्या पदवीधरांपैकी ते एक.

वाचनाचा झपाटा एवढा, की विद्यार्थिदशेतच डोळे दुखावले. अतिवाचनामुळे असं झालं, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. तेव्हा उजेड असायचा तो तेलाच्या दिव्याचा. एडिसनचा दिवा आला १८७९ मध्ये! दिव्याच्या पिवळ्या ज्योतीत निळा प्रकाश अगदीच थोडा असतो. म्हणजे हा आरोपी तेव्हा घटनास्थळी जवळजवळ नव्हताच.

मग सगळा दोष मंद उजेडाचा का? तसंही नाही. अपुऱ्या उजेडात वाचल्याने डोळे थकतात, डोकं दुखतं, पण तेवढ्याने दृष्टी कायमची जात नाही, असं आजचे नेत्रतज्ज्ञ सांगतात.

ज्या कागदावर शेत अवलंबून होतं

अधू डोळ्यांच्या या माणसाच्या वाट्याला काम आलं तेही वाचण्याचंच. १८७५ मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला आणि कर्जरोखे जाळले. त्यानंतर १८७९ मध्ये सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आणला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. आजचं घोडेगाव त्याच नगर जिल्ह्यातलं.

कर्जरोख्यावर लिहिलेली रक्कम तशीच खरी न धरता मूळ व्यवहार तपासायची मुभा या कायद्याने कोर्टांना दिली. त्याच्या अंमलबजावणीवर देखरेख ठेवण्याचं काम रानड्यांनी केलं. जुने व्यवहार, मोडीतले कागद, गावोगावचे निकाल. कागद नीट वाचला नाही, तर कुणाची तरी जमीन जाणार!

रमाबाई वाचू लागल्या

१८७३ मध्ये रानड्यांचं रमाबाईंशी लग्न झालं. त्यांनी पत्नीला शिकवायला घेतलं, तेव्हा घरातल्या बायकांनी कडाडून विरोध केला. रमाबाईंनी टोमणे सोसले, पण पाटी सोडली नाही. पुढे त्याच पतीला वाचून दाखवू लागल्या. रानड्यांनी वाचन थांबवलं नाही. डोळ्यांवरचा भार मात्र दुसऱ्याच्या आवाजावर सोपवला.

१८९३ मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. मराठ्यांच्या उदयावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९०० मध्ये आला. १६ जानेवारी १९०१ रोजी त्यांचं निधन झालं.

मग निळ्या प्रकाशाचं काय?

निळ्या प्रकाशाचा सगळ्यात मोठा स्रोत आहे सूर्य. त्याच्यापुढे मोबाईलचा प्रकाश फारच क्षीण असतो. सूर्याकडे, विशेषतः ग्रहणात, थेट पाहिलं तर डोळ्यांच्या पडद्याला खरोखर इजा होते. स्क्रीनमुळे तशी इजा होते, याचा ठोस पुरावा नाही. २०२३ मध्ये कॉक्रेन संस्थेने १७ चाचण्यांचा आढावा घेतला. डोळ्यांचा थकवा कमी करण्यात ‘ब्लू कट’ काचांचा साध्या काचांपेक्षा विशेष फायदा त्यात दिसला नाही.

तरी डोळे चुरचुरतात, कारण स्क्रीनकडे एकटक बघताना पापण्या कमी मिटतात आणि डोळे कोरडे पडतात. शिवाय जवळचं सतत पाहिल्याने डोळ्यांच्या आतले स्नायू थकतात. रात्रीच्या निळ्या प्रकाशाचा खरा त्रास होतो तो झोपेला.

उपाय फुकटचे आहेत. दर २० मिनिटांनी २० फूट लांबचं काहीतरी २० सेकंद बघा. पापण्या मिटत राहा. झोपण्याआधी मोबाईल बाजूला ठेवा. मुलांना रोज उजेडात मैदानावर खेळू द्या. आणि दिसणं धूसर झालं, तर चष्म्याच्या जाहिरातीकडे नाही, नेत्रतज्ज्ञाकडे जा.

रानड्यांना डोळ्यांवरचा भार कमी करायला वाचून दाखवणारं माणूस लागलं. आपल्याला फक्त मान वर करून खिडकीबाहेर बघायचं आहे!