स्टाँटन आणि बुद्धिबळाच्या सोंगट्या

हॉवर्ड स्टाँटन हे इंग्लंडचे बुद्धिबळपटू. १८४३ साली पॅरिसमध्ये त्यांनी फ्रान्सच्या सेंट-आमाँ यांना हरवलं. तेव्हापासून लोक त्यांना जगातले सर्वांत मोठे खेळाडू मानू लागले.

त्या काळी सोंगट्या ठिकठिकाणी वेगळ्या असायच्या. परक्या गावी वजीर कोणता आणि उंट कोणता, हेच पटकन कळायचं नाही! मग डाव जिंकणार कसा?

१८४९ मध्ये नथॅनियल कुक यांनी नवा, सुटसुटीत संच नोंदवला. स्टाँटन यांनी आपल्या वर्तमानपत्रातल्या सदरात त्याचं कौतुक केलं. संच त्यांच्याच नावाने विकला जाऊ लागला.

१८५१ च्या लंडन स्पर्धेत स्टाँटन चौथे आले. १८७४ साली ते वारले. पण स्पर्धांमध्ये आजही स्टाँटन सोंगट्याच असतात: राजा साधारण ९.५ सेंटीमीटर, प्यादं ५, आणि पटाचं घर ५ ते ६.