विठाबाई नारायणगावकर

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (जुलै १९३५ – १५ जानेवारी २००२) या महाराष्ट्रातील ख्यातनाम तमाशा कलावंत, लावणीगायिका व नर्तिका होत्या. रसिकांनी त्यांना 'तमाशासम्राज्ञी' म्हटले.

त्यांचा जन्म पंढरपूर येथे झाला; घराणे मात्र पुणे जिल्ह्यातील नारायणगावचे. आजोबा नारायण खुडे यांनी उभा केलेला फड वडील भाऊ आणि चुलते बापू यांनी नावारूपास आणला. घरातच तमाशा असल्याने लावणी, गौळण आणि भेदिक यांचे संस्कार विठाबाईंवर बालपणीच झाले. पुढे त्यांनी स्वतःच्या नावाचा फड चालवला. त्या नावात वडिलांबरोबर जातीचा उल्लेखही उघडपणे येतो, ही त्या काळातील लक्षणीय गोष्ट होय.

फडाचे अर्थकारण जत्रांच्या हंगामावर अवलंबून असते. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडमालकांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी सुपारी ठरवण्यासाठी येतात. गण, गौळण, बतावणी व वग असा रात्रभराचा खेळ ढोलकी, हलगी आणि तुणतुण्याच्या साथीने रंगतो. ठरलेला खेळ चुकला, तर फडातील सर्वांच्याच पोटावर पाय येतो.

विठाबाईंविषयी सर्वाधिक सांगितला जाणारा प्रसंग याच संदर्भात समजून घ्यावा लागतो. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या. कळा सुरू होताच त्या कनातीमागे गेल्या, प्रसूत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा नाचण्यासाठी उभ्या राहिल्या. त्यांच्या देहातील बदल ध्यानात येताच प्रेक्षकांनीच खेळ थांबवला व त्यांना विश्रांती घेण्यास सांगितले. हा प्रसंग बहुधा जिद्दीचे उदाहरण म्हणून सांगतात. त्यामागची निरुपायता क्वचितच बोलली जाते.

१९५७ आणि १९९० साली त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवण्यात आले. तथापि या सन्मानांनी उदरनिर्वाहाची हमी दिली नाही. उतारवयात त्यांना आर्थिक विवंचनेने ग्रासले. निधनानंतर रुग्णालयाचे देयकदेखील देणगीदारांच्या साहाय्याने भागवावे लागले.

विठाबाईंच्या कन्या मंगला बनसोडे यांनी स्वतंत्र फड उभारून आईचा वारसा पुढे नेला. योगीराज बागूल यांनी विठाबाईंचे चरित्र लिहिले आहे. महाराष्ट्र शासनाने २००६ साली विठाबाईंच्या नावे जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. तमाशा क्षेत्रात प्रदीर्घ सेवा केलेल्या कलावंतास तो दिला जातो. कांताबाई सातारकर या त्याच्या मानकऱ्यांपैकी एक होत.