पराभूत देशाला जगणे शिकविणारा धर्मोपदेशक

यवतमाळ : जगातील आनंदी देशांची यादी निघाली की डेन्मार्कचे नाव पहिल्या काही क्रमांकांत असतेच. २०१२ साली जागतिक आनंद अहवाल प्रथम प्रसिद्ध झाला, तेव्हा हा देश अव्वल होता. ही प्रसन्नता संपन्नतेतून आली, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु तिच्या पायाभरणीत ज्यांचा मोठा वाटा मानला जातो, त्या निकोलाय फ्रेडरिक सेव्हरिन ग्रुंटविग यांच्या हयातीत डेन्मार्क हा पराभवांनी खचलेला शेतकऱ्यांचा देश होता आणि ते स्वतः वारंवार नैराश्याने ग्रासले जात.

ग्रुंटविग यांचा जन्म ८ सप्टेंबर १७८३ रोजी झीलंड बेटावरील उडबी या खेड्यात धर्मोपदेशकाच्या घरी झाला. लॅटिन शाळेतील घोकंपट्टीचा त्यांना आलेला उबग आयुष्यभर टिकला. १८१० च्या अखेरीस त्यांचे मानसिक संतुलन ढळले, तेव्हा एका मित्राने त्यांना गावी वडिलांकडे पोहोचविले. त्यानंतर अल्पावधीतच, १८१३ मध्ये, सरकारी तिजोरी दिवाळखोरीत गेली आणि १८१४ मध्ये नॉर्वे डेन्मार्कच्या हातून निसटले.

१८२५ साली एका प्राध्यापकावर केलेल्या कठोर टीकेबद्दल न्यायालयाने त्यांना दोषी ठरविले. त्यांच्या लेखनावर आलेले निर्बंध १८३७ पर्यंत कायम होते. दरम्यान, जुन्या हस्तलिखितांच्या अभ्यासासाठी ते तीनदा इंग्लंडला गेले. केंब्रिजमध्ये शिक्षक व विद्यार्थी एकत्र राहतात, एकत्र जेवतात, हे पाहून ते प्रभावित झाले. शेतकऱ्यांच्या मुलांसाठी अशी निवासी लोकशाळा का नसावी, हा विचार त्यांनी पुढे सातत्याने मांडला. या शाळेत परीक्षा नको आणि पदवीही नको, तर इतिहास, मातृभाषा, गाणी आणि मोकळी चर्चा असावी, असा त्यांचा आग्रह होता.

१८४४ साली रोडिंग येथे पहिली लोकशाळा सुरू झाली. त्याच वर्षी नैराश्याने त्यांना पुन्हा गाठले. १८६४ च्या युद्धात डेन्मार्कने श्लेस्विग व होल्स्टाइन हे प्रांत गमावले. त्यानंतर मात्र लोकशाळा खेडोपाडी पसरल्या. शेतीची कामे नसलेल्या हिवाळ्यात तरुण तेथे येत. १८६७ मध्ये भर चर्चमध्ये ग्रुंटविग यांचे भान हरपले, तरी काही महिन्यांनी ते पुन्हा प्रवचनाला उभे राहिले. १ सप्टेंबर १८७२ रोजी त्यांनी अखेरचे प्रवचन केले आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कार्याचे फळ नंतर दिसले. परदेशी स्वस्त धान्यामुळे भाव कोसळले, तेव्हा डॅनिश शेतकरी दुधाकडे वळला. १८८२ साली पहिली सहकारी डेअरी निघाली. गायी कितीही असोत, प्रत्येक सभासदाला एकच मत होते. या चळवळीतील अनेक कार्यकर्ते लोकशाळेत घडलेले होते.

हा विचार विदर्भालाही अपरिचित नाही. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने (१९४८-४९) ग्रामीण विद्यापीठांचा पुरस्कार करताना डॅनिश लोकशाळांची दखल घेतली होती. १९५६ पासून देशात ग्रामीण संस्था सुरू झाल्या, त्यांत डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या प्रेरणेने उभे राहिलेले शेजारच्या अमरावतीचे शिवाजी लोकविद्यापीठही होते.

२००६ साली केंद्राने विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३ हजार ७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले, त्यात आत्महत्यांनी होरपळलेला यवतमाळही होता. कर्ज आणि कापसाचा भाव हे प्रश्न लोकशाळेने सुटणारे नाहीत. परंतु संकटात सापडलेला शेतकरी बहुधा एकटा पडलेला असतो. गावात रोज एकत्र बसण्याची, मनातले बोलण्याची आणि परीक्षेच्या धाकाविना शिकण्याची जागा असेल, तर त्याची घालमेल वेळीच कोणाच्या तरी लक्षात येईल. स्वतः अनेकदा कोलमडलेल्या ग्रुंटविग यांच्या चरित्रातून यवतमाळने घ्यावा तो हा धडा.