रमाबाई आणि आम्ही परिचारिका

स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्या, असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा माझ्या मनात रमाबाई रानडे यांच्याखेरीज दुसरे नावच आले नाही. न्यायमूर्तींच्या पत्नी म्हणून त्या सर्वांना ठाऊक आहेत. आम्हा परिचारिकांचे मात्र त्यांच्याशी जरा निराळे नाते आहे.

माझी बरीच नोकरी गडचिरोलीच्या जंगलभागात झाली. पावसाळ्यात पर्लकोटा पुलावरून वाहू लागली की भामरागडची वाट बंद. बदलीवर यायची ती सिस्टर पलीकडेच अडकायची. मग आम्ही तिघी आणि एक मावशी रात्री वाटून घ्यायचो आणि एका पातेल्यातली खिचडी खायचो. हिवतापाने फणफणलेली माडिया पोरे खाटेखाटेवर असत. पुढे माझी बदली झाली, तेव्हा वॉर्डाच्या दारात मी जी रडले, तशी सासरी निघतानाही रडले नव्हते. घरचे हसले. रमाबाई हसल्या नसत्या.

त्या देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांची लेक. 1873 साली, अकराव्या वर्षी, माधवरावांशी लग्न झाले. पतीने शिकवायला घेतले आणि घरातल्या बायकांचे टोमणे सुरू झाले; इंग्रजी सुरू झाल्यावर तर फारच. घर भरलेले, पण आपले म्हणावे असे बाईमाणूस नाही! हे दुःख त्यांनी भर तारुण्यात सोसले. 1901 च्या जानेवारीत माधवराव गेले. रमाबाई पुण्यास येऊन राहिल्या आणि पुष्कळ दिवस घराबाहेर पडल्या नाहीत. पुढे हळूहळू येरवड्याच्या तुरुंगातल्या स्त्रियांकडे जाऊ लागल्या, इस्पितळातल्या रोग्यांना फळेफुले नेऊ लागल्या. त्या दिवसांत रोग्यांइतकाच त्यांनाही आधार मिळाला असेल, असे माझे मत आहे.

2 ऑक्टोबर 1909 रोजी पुण्याचे सेवासदन सुरू झाले, तेही त्यांच्या राहत्या वाड्यात. गोपाळ कृष्ण देवधरांचे मोठे साहाय्य होते. लवकरच तिथल्या मुली ससून रुग्णालयात शुश्रूषा शिकू लागल्या. आज हे वाचताना काही विशेष वाटत नाही. पण त्या काळी परक्या पुरुषाची पट्टी बांधायची, कोणत्याही जातीच्या रोग्याला हात लावायचा, रात्री घराबाहेर राहायचे, हे कुलीन स्त्रीने करायचे? शिकायला येणाऱ्यांत बालविधवाही असत. त्यांना माहेरही नव्हते आणि सासरही. पुढे या विद्यार्थिनींसाठी निराळे वसतिगृह झाले. रात्रपाळीहून परतल्यावर चहा झाला का, असे विचारणारे कोणी असणे म्हणजे काय, हे ज्याने पाळ्या केल्या त्यालाच कळते.

एका वार्षिक समारंभातली गोष्ट सांगतात. केशवपन केलेली, आलवण नेसलेली एक तरुण विधवा बक्षीस घ्यायला उठली, तशी गॅलरीतली शिकलेली मुले हुर्यो करू लागली. रमाबाई आभार मानायला उभ्या राहिल्या आणि आभार राहिले बाजूला! तुमच्यापैकी कोणाच्या घरी अशी बहीण, आत्या वा मावशी नाही काय, असा त्यांनी जाब विचारला. सभा चिडीचूप झाली. मला वाटते, बक्षीस हाती धरून उभ्या असलेल्या त्या मुलीला त्या दिवशी आपले माणूस मिळाले.

स्त्रियांच्या मताधिकारासाठी आणि मुलींच्या सक्तीच्या शिक्षणासाठीही त्या झटल्या. त्याबद्दल इतरत्र पुष्कळ लिहिलेले आहे. 1924 साली त्यांचे निधन झाले. 1962 मध्ये त्यांच्या नावाचे टपाल तिकीट निघाले.

आम्ही तिघी आता सेवानिवृत्त आहोत. मी चंद्रपुरात, एक नागपुरास, एक अहेरीस. मावशी वारली. दर पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आल्याची बातमी वाचली की आमच्यातली कोणीतरी दुसरीला फोन करते आणि पहिला प्रश्न हाच असतो, आज वॉर्डात रात्रीला कोण असेल गं?