आचार्य प्रफुल्लचंद्र राय : कारखाना काढणारे प्राध्यापक

कॉलेजात शिकवणाऱ्या माणसाने धंद्यात पडावं का? आजही या प्रश्नावर आपल्यात दोन तट पडतात. सव्वाशे वर्षांपूर्वी एका प्राध्यापकाने याचं उत्तर स्वतः जगून दिलं. त्यांची ही ओळख.

प्रफुल्लचंद्रांचा जन्म २ ऑगस्ट १८६१ रोजी आजच्या बांगलादेशातील राडुली या गावी झाला. एडिंबरा विद्यापीठातून रसायनशास्त्राची डॉक्टरेट मिळवून ते मायदेशी परतले आणि १८८९ मध्ये कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवू लागले. पगार महिना २५० रुपये.

शिकवताना एक गोष्ट त्यांना सारखी टोचत होती. आपली हुशार मुलं पदवी घेतात आणि कारकुनीच्या मागे धावतात; औषधं मात्र विलायतेहून येतात. मग हे ज्ञान काय कामाचं?

१८९२ मध्ये राहत्या घरीच, अवघ्या ७०० रुपयांच्या आसपासच्या भांडवलावर त्यांनी औषधं बनवायला सुरुवात केली. जनावरांच्या हाडांपासून फॉस्फेट करायचं म्हणून गच्चीवर हाडं वाळत घातली. पावसाने ती कुजली, दुर्गंधी सुटली, शेजारी संतापले! दिवसा कॉलेज आणि संध्याकाळी कारखाना, असा त्यांचा दिनक्रम असे.

माल तयार झाला, पण दुकानदार घेईनात. गिऱ्हाईक विलायती शिक्काच मागतं, ही त्यांची सबब. तेव्हा डॉ. अमूल्यचरण बोस हे मित्र मदतीला आले. त्यांनी इतर डॉक्टरांना ही औषधं वापरायला लावली. अडुळसा, कुडा, ओवा या आपल्या ओळखीच्या वनस्पतींचे अर्कही कारखान्यात बनू लागले. पण १८९८ मध्ये प्लेगने अमूल्यचरणांना नेलं. प्रफुल्लचंद्र खचले, तरी काम थांबलं नाही. १९०१ मध्ये 'बेंगॉल केमिकल अँड फार्मास्युटिकल वर्क्स' ही कंपनी उभी राहिली.

बरं, धंद्यापायी संशोधन मागे पडलं का? मुळीच नाही. याच काळात त्यांनी मर्क्युरस नायट्राइट हे संयुग शोधलं आणि प्राचीन भारतीय रसायनशास्त्राचा इतिहास दोन खंडांत लिहिला.

आणि पैशाचं काय? नामदार गोखले त्यांचे स्नेही. गांधीजींशी त्यांची ओळख करून देताना गोखल्यांनी कौतुकाने सांगितलं, की या प्राध्यापकांना ८०० रुपये पगार आहे, पण स्वतःसाठी ते फक्त ४० ठेवतात. बाकी लोककार्याला देतात. वयाच्या साठाव्या वर्षानंतरचा पगारही त्यांनी कोलकाता विद्यापीठालाच दिला. १६ जून १९४४ रोजी ते गेले, तेही सायन्स कॉलेजातल्या आपल्या साध्या खोलीत.

धंदा करणं कमीपणाचं नाही. तो कशासाठी करतो, हे महत्त्वाचं. आपला विद्यार्थी नववी-दहावीत क्षार आणि आम्लं शिकतो तेव्हा त्याला एवढंच विचारून पाहा : यातून तू काय बनवशील, आणि कोणासाठी?

आचार्यांना विनम्र अभिवादन!