दगडातून आरपार पाहणारा माणूस: हेन्री सॉर्बी, घरगुती घासकाम आणि लोणारचं उत्तर

लोणारचं सरोवर उल्कापाताने झालं, हे आमच्या बुलढाणा जिल्ह्यात शाळेतलं पोरगंही सांगतं. पण हे ठरलं कसं, असं विचारलं की बहुतेकांची गाडी तिथेच अडते. खड्ड्यात उल्केचा मोठा तुकडा काही सापडलेला नाही. चारही बाजूंना ज्वालामुखीतून आलेला काळा दगड, म्हणजे बेसाल्ट. त्यामुळे हा खड्डाही ज्वालामुखीचाच असणार, असं मानणारे जाणकार बरीच वर्षं होते. 1823 मध्ये अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली. तिथपासून पक्का पुरावा हाती यायला 1973 साल उजाडलं. म्हणजे दीडशे वर्षं.

तो पुरावा मिळाला दगडाच्या एका कापात. साध्या कागदाच्या साधारण एक तृतीयांश जाडीचा काप, काचेवर चिकटवलेला, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलेला. दगड असा घासून पारदर्शक करायचा आणि त्यातून त्याचा इतिहास वाचायचा, ही पद्धत भूविज्ञानात आणली हेन्री क्लिफ्टन सॉर्बी याने. त्याच्याकडे ना नोकरी होती, ना सरकारी प्रयोगशाळा. बरंचसं काम त्याने घरीच केलं. मी स्वतः घरी दगड घासतो, म्हणून या माणसाबद्दल मला जरा जास्तच आपुलकी आहे, हे आधीच सांगून टाकतो.

शेफील्ड: घासण्याचं गाव

सॉर्बीचा जन्म 10 मे 1826 चा, इंग्लंडमधल्या शेफील्डजवळचा. शेफील्ड म्हणजे सुऱ्या, कात्र्या, पटाशा यांचं गाव. सॉर्बीचं घराणंही याच हत्यारांच्या धंद्यातलं. गावात जिकडेतिकडे वाळूच्या दगडाची मोठमोठी चाकं फिरायची आणि त्यावर कारागीर पातं धरून बसायचे.

या धंद्याची एक काळी बाजू होती. ओलं घासणारे त्यातल्या त्यात बरे, पण काटे आणि सुया कोरड्या चाकावर घासणाऱ्यांच्या छातीत दगडाची धूळ जायची. त्यातले बरेच जण चाळिशी पाहत नसत. आज आपण या आजाराला सिलिकोसिस म्हणतो. धुळीतल्या सिलिकाचे बारीक कण फुप्फुसात रुततात, तिथे वण तयार होतात आणि ते पुन्हा कधीच बरे होत नाहीत. खडी क्रशरवर काम करणाऱ्या आपल्याकडच्या माणसांना हा खोकला काय असतो ते सांगायला नको. म्हणून पुढचं वाचून कोणाला घासकाम करावंसं वाटलं, तर पहिली अट आत्ताच सांगतो: दगड कायम ओला करून घासायचा. कोरडा कधीच नाही, दोन मिनिटांसाठीसुद्धा नाही.

1847 मध्ये वडील वारले. सॉर्बी तेव्हा एकविशीतला. वाट्याला आलेली मिळकत फार मोठी नव्हती, पण साधेपणाने राहिलं तर जन्मभर पुरली असती. त्याने धंद्यात न जाता घरात प्रयोगशाळा उभी केली. लग्न केलं नाही. आई होती तोवर आईसोबतच राहिला. हा निर्णय त्या काळातही लोकांना विचित्र वाटला असणार. आपल्याकडे तर आजही अशा मुलाला घरी बसलेला म्हणतात!

काप म्हणजे नेमकं काय?

दगड चकाकवायची कला जुनीच. पण चकाकणाऱ्या दगडाचा फक्त वरचा थर दिसतो. आत काय आहे ते पाहायचं तर उजेड दगडातून पलीकडे गेला पाहिजे. स्कॉटलंडच्या विल्यम निकोल याने दगड झालेल्या लाकडाचे पातळ काप तयार केले होते. मँचेस्टरचा विल्यमसन हाडं, दात, जीवाश्म यांचे काप करायचा. सॉर्बी हे काम विल्यमसनकडून शिकला. मग त्याने तेच साध्या दगडावर करून पाहिलं, आणि 1851 मध्ये यॉर्कशायरच्या किनाऱ्यावरच्या चुनखडीयुक्त दगडावरचा त्याचा लेख छापून आला.

आता मी हे घरी कसं करतो ते सांगतो. सॉर्बीची सामग्री वेगळी होती, पण तत्त्व तेच आहे.

आधी दगडाची कपची काढायची. माझ्याकडे टाइल कटरचं डायमंड ब्लेड आहे. त्यावर पाण्याची धार हवी, म्हणून वर सलाईनची रिकामी बाटली टांगली आहे. तिच्या नळीचं चाक फिरवलं की थेंब हवा तसा कमी-जास्त होतो. पाणी आणि वीज शेजारी आली की गंमत नाही. मोटर वेगळ्या बंद खोक्यात, लाइनला आरसीसीबी, पायात रबरी चप्पल, डोळ्यांवर चष्मा. एवढं जमणार नसेल तर ग्रॅनाइट कापणाऱ्या कारागिराकडून कपची कापून घ्या, मशीन करायच्या भानगडीत पडूच नका.

पुढचं सगळं हाताने. जाड काचेच्या तुकड्यावर कार्बोरंडम पावडर आणि पाणी घालायचं आणि कपची आठच्या आकड्यासारखी फिरवत घासायची. आधी 220 नंबर, मग 400, 600, 1000. नंबर वाढतो तशी पावडर बारीक. दर वेळी कपची, काच आणि हात स्वच्छ धुवायचे, कारण जाड पावडरचा एक दाणा जरी पुढच्या काचेवर आला तरी ओरखडा पडतो आणि मागे जावं लागतं. एक बाजू आरशासारखी सपाट झाली की ती काचपट्टीला चिकटवायची. सॉर्बीच्या काळात त्यासाठी कॅनडा बाल्सम नावाचा झाडाचा राळेसारखा चीक वापरत. मी अरल्डाइट वापरतो. चिकटवताना बुडबुडा राहू द्यायचा नाही.

मग दुसरी बाजू घासायला घ्यायची, आणि हे खरं चिकाटीचं काम. दगड पातळ होत जातो आणि एका टप्प्याला खालून टॉर्च धरली की काळ्याकुट्ट बेसाल्टमधून तपकिरी उजेड येतो. तिथून पुढे हात अगदी हलका ठेवायचा. आज सगळीकडे मानलेली जाडी 0.03 मिलिमीटर आहे. सॉर्बी इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत जायचा, म्हणजे 0.025 मिलिमीटर. तेही कुठलंही मोजमापाचं आधुनिक यंत्र नसताना.

एवढी बारीक जाडी मोजायची कशी? उजेडानेच. काप दोन पोलरॉइड पट्ट्यांमध्ये धरायचा, एक पट्टी आडवी, एक उभी. या पट्ट्या बंद पडलेल्या एलसीडी स्क्रीनमधून निघतात. नुसत्या धरल्या तर अंधार दिसतो, पण मध्ये स्फटिक आला की तो उजेडाला वळवतो आणि रंग उमटतात. हे रंग जाडीवर अवलंबून असतात. बेसाल्टमधलं फेल्डस्पार हे खनिज पिवळसर दिसलं तर काप अजून जाड आहे, करडं-पांढरं दिसलं तर झालं. सॉर्बीकडे पोलरॉइड नव्हतं. तो निकोलने बनवलेला कॅल्साइटचा लोलक वापरायचा. काम तेच.

आमच्या विहिरीच्या खोदकामातला, कुणी ढुंकूनही न पाहणारा काळा दगड असा बघितला की त्यात करड्या-पांढऱ्या काड्या विखुरलेल्या दिसतात, मध्ये पायरॉक्सीनचे निळे, गुलाबी, पिवळे तुकडे आणि लोहखनिजाचे काळे ठिपके. ज्या दगडाच्या पाट्याला आपण टाकी लावून घेतो, त्याच्या पोटात हे सगळं असतं.

डोंगर आणि सूक्ष्मदर्शक

सॉर्बीने कापांवरून काय काय काढलं याची यादी मोठी आहे. मला त्यातल्या दोन गोष्टी आवडतात.

पहिली शाळेच्या पाटीची. पाटीचा दगड पातळ पापुद्र्यांत का फुटतो? 1853 मध्ये सॉर्बीने दाखवलं की प्रचंड दाबाखाली दगडातले अभ्रकाचे चपटे कण एकाच दिशेने वळून बसतात, आणि दगड त्या दिशेने फुटतो.

दुसरी 1858 सालची. ग्रॅनाइटसारख्या दगडातल्या स्फटिकांमध्ये बारीक पोकळ्या असतात, त्यात पाण्यासारखा द्रव आणि एक बुडबुडा. गरम तूप बरणीत काठोकाठ भरून झाकण लावलं तर थंड झाल्यावर वर मोकळी जागा राहते ना, तसंच हे. स्फटिक तयार होताना पोकळी द्रवाने पूर्ण भरलेली होती, थंड होताना द्रव आकसला आणि बुडबुडा उरला. मग तो स्फटिक पुन्हा तापवा. ज्या तापमानाला बुडबुडा नाहीसा होईल, तिथून मूळ तापमानाचा अंदाज बांधता येतो. दगडाच्या आतच थर्मामीटर! खनिजं आणि तेलाचा शोध घेणारे लोक हे तंत्र आजही वापरतात.

लोकांनी मात्र थट्टा केली. एवढाले डोंगर, आणि हा माणूस ते सूक्ष्मदर्शकातून बघायला निघालाय. त्या काळचे भूवैज्ञानिक हातोडा घेऊन मैलोनमैल चालायचे, नखाएवढ्या तुकड्यावर खोलीत बसून काही कळेल हे त्यांना पटत नव्हतं. 1857 मध्ये सॉर्बी रॉयल सोसायटीचा सदस्य झाला, तरी इंग्लंडमध्ये पद्धत फारशी पसरली नाही. 1860 च्या दशकाच्या सुरुवातीला ऱ्हाईन नदीच्या भागात फिरताना त्याची ओळख झिर्केल नावाच्या तरुण जर्मनाशी झाली. झिर्केलने ही पद्धत उचलली, तिच्यावर पुस्तकं लिहिली आणि जर्मनीतून ती जगभर गेली.

पोलादाच्या बाबतीत तर याहून वाईट झालं. उल्केतलं लोखंड तपासता तपासता सॉर्बीला वाटलं की आपल्या गावचं पोलादही असंच बघावं. लोखंडातून उजेड जात नाही, म्हणून त्याने ते आरशासारखं पॉलिश केलं, त्यावर पातळ नायट्रिक आम्ल लावलं आणि वरून उजेड टाकून पाहिलं. आम्ल काही भाग जास्त खातं, काही कमी, आणि आतली रचना उघडी पडते. 1864 मध्ये बाथ शहरातल्या परिषदेत त्याने हे मांडलं. जगातलं पोलाद जिथे बनायचं त्या शेफील्डने वीसेक वर्षं लक्षच दिलं नाही. 1880 च्या दशकात पोलादाचे रूळ आणि मोठी यंत्रं आली, पोलाद कधी तुटतं आणि का, हा प्रश्न महागात पडू लागला, तेव्हा कुठे सॉर्बीने ते काम पुन्हा हातात घेतलं. जास्त मोठं करून पाहिल्यावर मोत्यासारखी झाक असलेला भाग बारीक थरांचा बनलेला दिसला. त्यालाच आज पर्लाइट म्हणतात. पोलादाचे कारखाने आणि इंजिनिअरिंग कॉलेज अजूनही जवळपास त्याच पद्धतीने नमुने घासतात. माझ्या मते हा त्याचा सगळ्यात मोठा उपकार, आणि नेमका याचाच सगळ्यात उशिरा विचार झाला.

उतारवयात तो स्वतःच्या बोटीवर उन्हाळे घालवायचा आणि समुद्रातले जीव, गाळ, पाणी तपासायचा. शेफील्डच्या फर्थ कॉलेजसाठी त्याने खूप केलं, त्याचंच 1905 मध्ये विद्यापीठ झालं. 9 मार्च 1908 ला तो गेला. दगडांच्या रचनेचं मोजमाप कसं करावं यावरचा त्याचा शेवटचा मोठा लेख त्याच वर्षी छापून आला.

परत लोणारला

1973 मध्ये सायन्स या नियतकालिकात फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांचा लोणारवरचा लेख आला. खड्ड्यात बोअर मारून खालचे दगड वर काढले होते. त्यांचे काप केले, आणि त्यात मॅस्केलिनाइट सापडलं.

आता वर सांगितलेल्या करड्या-पांढऱ्या काड्या आठवा. लोणारच्या त्या कापांमध्ये काड्यांचा आकार तसाच होता, पण दोन पोलरॉइडमध्ये धरून काप कसाही फिरवला तरी त्या काळ्याच राहत होत्या. म्हणजे आकार स्फटिकाचा, पण आतून काच झालेली. वितळून नव्हे, वितळल्या असत्या तर आकार राहिला नसता. एका क्षणात बसलेल्या अफाट दाबाच्या धक्क्याने अणूंची रांग मोडली आणि काडी जागच्या जागी काच झाली. एवढा धक्का ज्वालामुखी देऊ शकत नाही. आकाशातून वेगाने आलेली वस्तूच देते. गंमत म्हणजे हे खनिज सगळ्यात आधी ओळखलं गेलं ते भारतात पडलेल्या उल्केत, 1865 मध्ये बिहारमधल्या शेरघाटीला पडलेल्या दगडात.

बेसाल्टमध्ये झालेले असे खड्डे पृथ्वीवर अगदी मोजके, आणि चंद्राचा बराच भाग बेसाल्टचा, म्हणून चंद्राचे अभ्यासक लोणारचे काप आजही मागवतात. चंद्रावरच्या एका लांबट उंचवट्याला डोर्सा सॉर्बी असं नाव आहे.

हे वाचून कोणी पिशवी घेऊन लोणारला निघणार असेल तर थांबा. सरोवराचा परिसर अभयारण्य आहे, तिथला खडाही उचलायचा नाही. सरावासाठी आपल्या शेताच्या बांधावरचा दगड घ्या, शक्यतो आत ताजा, काळा आणि बिनभेगांचा. गंजल्यासारखा पिवळट झालेला दगड घासताना विरघळल्यासारखा सुटतो. पहिले दोन-तीन काप शेवटच्या टप्प्यात नाहीसे होतात, त्यामुळे एकाच दगडाच्या चार कपच्या एकदम कापून ठेवा. आणि काचेवरचा राहिलेला गाळ मोरीत ओतू नका, सिमेंटसारखा बसतो.